इंडोनेशियाच्या पडद्यावरचे ‘परके’ आणि आपण : चित्रपट महोत्सवांच्या निवड समित्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील फिल्म सोसायट्यांचे पदाधिकारी आणि चित्रपट महोत्सवांच्या निवड समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

आपण गेली काही वर्षे आपल्या महोत्सवांत आणि मासिक खेळांत आग्नेय आशियाच्या, विशेषतः इंडोनेशियाच्या चित्रपटांना जागा देत आहात. आपल्या चित्रपटगृहांत सहसा न लागणारे हे काम आपल्यामुळे पाहायला मिळते, म्हणून आपले आभार मानूनच मी लिहायला बसलो आहे. परंतु या चित्रपटांची ओळख आपण ज्या शब्दांत करून देता, त्या शब्दांबद्दल माझी गंभीर तक्रार आहे, आणि ती एखाद्या संस्थेपुरती नसल्यामुळे मी ती सर्वांना उद्देशून जाहीरपणे मांडतो आहे.

एका परिचयपुस्तिकेत मी वाचले की इंडोनेशियाचा आजचा भयपट पाश्चात्त्य भयपटांच्या प्रभावाखाली स्वतःची ओळख हरवून बसला आहे. दुसऱ्या एका पुस्तिकेत सुंबा बेटावर घडणाऱ्या एका चित्रपटाची स्तुती तो ‘अस्सल इंडोनेशियन’ असल्याबद्दल केलेली होती, आणि तो चित्रपट तर अमेरिकी काउबॉयपटाचा साचा उघडपणे, अभिमानाने वापरतो. एका खेळानंतरच्या चर्चेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले की यात इंडोनेशियाचे असे काय आहे; सभागृहातल्या बहुतेकांनी मान डोलावली आणि चर्चा तिथेच संपली. अस्सल आणि अनुकरण असे दोन कप्पे करायचे, आणि कोणता चित्रपट कोणत्या कप्प्यात जाईल हे त्याला युरोपातल्या महोत्सवात स्थान मिळाले की नाही यावरून ठरवायचे, अशी ही सवय झाली आहे. ती आपण सोडावी, आणि इंडोनेशियाच्या चित्रपटांवरील परकीय प्रभावांची यादी करताना तीत आपले, म्हणजे भारतीयांचे, नावही लिहावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

त्या भूमीवर तयार झालेला पहिला कथापट १९२६ साली बांडुंगमध्ये निघाला. त्याची कथा सुंदानी लोकांची जुनी दंतकथा होती, माकडाच्या रूपात पृथ्वीवर आलेल्या एका देवाची. तो उभा करणारे मात्र तेव्हाच्या डच वसाहतीतले युरोपीय आणि मिश्रवंशीय होते. त्यानंतरची दहा-बारा वर्षे या धंद्यात शांघायहून आलेल्या वाँग बंधूंसारखे चिनी निर्माते महत्त्वाचे होते. १९३७ साली ‘तेरांग बुलान’ हा चित्रपट आला आणि बटाव्यापासून, म्हणजे आजच्या जकार्तापासून, सिंगापूरपर्यंत गाजला. त्याचा नमुना होता आदल्याच वर्षीचा, डोरोथी लामूरला घेऊन काढलेला हॉलिवूडचा एक अरण्यपट. पण लोक पुन्हा पुन्हा गेले ते रुकिया नावाच्या गायिकेला ऐकायला आणि क्रोंचोंगसाठी. हे क्रोंचोंग कुठले म्हणावे? पोर्तुगीजांबरोबर आलेल्या छोट्या तंतुवाद्यांवर वाढलेले ते संगीत जकार्तालगतच्या तुगू या वस्तीत ज्यांनी जपले, त्यांच्या पूर्वजांत पोर्तुगीजांनी भारताच्या किनाऱ्यांवरून आणि मलाक्कातून नेलेले गुलामही होते. ज्या अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला त्यानेच पुढच्या वर्षी मलाक्का घेतली, हे गोमंतकीय वाचकांना मी सांगायला नको. इंडोनेशियाचा चित्रपट जन्माला आला तोच असा अनेक किनाऱ्यांच्या पाण्यावर. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून दादासाहेब फाळक्यांना कृष्ण पडद्यावर आणावासा वाटला, या घटनेला आपण अनुकरण म्हणत नाही. तेवढाच न्याय मी बांडुंगच्या आणि बटाव्याच्या लोकांसाठी मागतो आहे.

स्वातंत्र्यानंतर दिग्दर्शक उस्मार इस्माइल यांनी ‘दाराह दान दोआ’ या चित्रपटाचे चित्रीकरण ज्या दिवशी सुरू केले, तो १९५० सालचा ३० मार्च आज तिथे राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून पाळला जातो. राष्ट्राचा चित्रपट परक्यांच्या मदतीवाचून आपण काढायचा, अशी या माणसाची प्रतिज्ञा होती. त्याच उस्मार यांनी पुढे अमेरिकेत जाऊन चित्रपटाचे शिक्षण घेतले, आणि आपली पर्फिनी ही संस्था कर्जात बुडत असताना तिला वाचवण्यासाठी हॉलिवूडच्या संगीतिकांच्या वळणावर ‘तिगा दारा’ काढला : तीन बहिणी, त्यांतल्या थोरलीचे लग्न जमावे म्हणून झटणारी आजी, आणि गाणी. चित्रपट तुफान चालला. उस्मार यांना स्वतःला त्याबद्दल अवघडल्यासारखे वाटत राहिले, असे त्यांच्याबद्दल लिहिणारे सांगतात. मला मात्र आज तो चित्रपट त्यांच्या गंभीर चित्रपटांइतकाच पन्नाशीच्या दशकातल्या जकार्ताचा खरा दस्तऐवज वाटतो, कारण नव्या राष्ट्रातल्या मध्यमवर्गाला कसे दिसावेसे, बोलावेसे आणि प्रेमात पडावेसे वाटत होते, ते त्यात जसेच्या तसे उतरले आहे.

याच काळात, १९५७ साली, जकार्तातल्या निर्मात्यांनी आपले स्टुडिओ बंद ठेवले. सरकार आयात चित्रपटांना आवर घालत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्या तक्रारीत कोणत्या देशाचे नाव ठळक होते, हे आपल्या एकाही पुस्तिकेत मी वाचलेले नाही. ते नाव भारताचे होते. स्वस्तात मिळणारे, गाण्यांनी भरलेले हिंदी चित्रपट तिथल्या सामान्य प्रेक्षकाला ओढून नेत होते आणि उस्मार इस्माइल यांच्यासारख्यांच्या चित्रपटांना गृहे मिळत नव्हती. म्हणजे जी भीती मराठी निर्मात्याला हिंदीची वाटत आली, नेमकी तीच भीती तिथल्या निर्मात्याला त्याच हिंदीची वाटत होती. आपण मात्र हॉलिवूडचा प्रभाव आला की त्याला आक्रमण म्हणतो, कोरियाचा आला की लाट म्हणतो, आणि आपला प्रभाव आला की त्याला प्राचीन सांस्कृतिक नाते असे गोड नाव देतो. बोरोबुदुर आणि रामायणाचे दाखले देऊन आपण या विषयातून स्वतःला अलगद बाहेर काढून घेतले आहे.

त्या प्रभावाचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. पन्नास-साठच्या दशकांत हिंदी चित्रपटगीतांच्या चालींवर मलय शब्द बसवून गाणारे ताफे तिथे गावोगावी होते. तबल्याच्या ठेक्यातल्या ‘डांग’ आणि ‘डुट’ या आवाजांवरून शहरी सुशिक्षितांनी या संगीताला हेटाळणीने ‘डांगडुट’ म्हटले, आणि गाणाऱ्यांनी ते नाव मिरवायला घेतले. रोमा इरामा या गायकाने त्यात डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या पद्धतीची विद्युत गिटार आणली, इस्लामी उपदेश आणला, आणि १९७६ पासून स्वतःच नायक होऊन चित्रपट काढले. गरिबांघरचा गायक, त्याला हिणवणारे श्रीमंत, मध्येच उभे राहणारे गाणे, आणि गाण्यातून जुगाराला, दारूला, अन्यायाला केलेला विरोध, हा साचा आपल्याला ओळखीचा वाटतो, कारण तो आपल्याकडूनच गेला. पण तो जिथे पोचला तिथे त्याचे काम बदलले. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीत विरोधी पक्षाला पाठिंबा दिला म्हणून रोमा इरामाला सरकारी दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे येऊ दिले गेले नाही. त्या वर्षांत त्याचा चेहरा आणि आवाज लाखो लोकांपर्यंत नेला तो चित्रपटांनी. मुंबईच्या चित्रपटाचा साचा, इंग्लंडची गिटार आणि पश्चिम जावातला हा गायक यांतून जी गोष्ट तयार झाली, ती आज त्या देशाची सर्वांत देशी गोष्ट मानली जाते. तिला कोणत्या कप्प्यात टाकाल?

भयपटांचा अपमान आपल्या पुस्तिकांत सर्वांत जास्त होतो, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. १९८० सालच्या ‘पंगाब्दी सेतान’ या चित्रपटावर आदल्या वर्षीच्या एका अमेरिकी भयपटाची छाप आहे, हे कुणीही मान्य करील. पण त्याची कथा एका सुखवस्तू, धर्म विसरलेल्या कुटुंबाची आहे; आई मरते, घर सैतानाच्या ताब्यात जाते, आणि शेवटी गावातला धर्मगुरू येऊन त्याला हरवतो. त्या काळातल्या चित्रपटांत असा शेवट जवळजवळ ठरलेला असे, कारण सुव्यवस्था आणि धर्म यांचा विजय दाखवणे ही सेन्सॉरची अपेक्षा होती. २०१७ साली दिग्दर्शक जोको अन्वर यांनी तोच चित्रपट नव्याने काढला आणि ४२ लाखांहून अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला. काळ १९८१ चा ठेवला, आई एकेकाळची गायिका केली, तिच्या आजारपणात पैसे संपलेले, घर गहाण पडलेले. आणि या वेळी धर्मगुरू कुटुंबाला वाचवू शकत नाही. तो स्वतःच मरतो. कॅमेऱ्याची हालचाल, दाराची करकर, अंधारातली घंटा हे सगळे अन्वर जगभरच्या भयपटांतून शिकलेले आहेत आणि ते लपवतही नाहीत. परंतु ज्या देशात सुव्यवस्थेचे वचन ३२ वर्षे देणारी सुहार्तोंची राजवट १९९८ मध्ये कोसळली, त्या देशाच्या प्रेक्षकाला त्या धर्मगुरूच्या मरणाचा जो अर्थ लागतो, तो कोणत्याही अमेरिकी चित्रपटातून उसना आणता येत नाही. हे दोन चित्रपट लागोपाठ दाखवले तर कोणत्याही व्याख्यानाशिवाय प्रेक्षकाला ते समजेल.

याच परंपरेत जावाच्या दक्षिण समुद्राची राणी आहे. पारांगत्रितिसच्या किनाऱ्यावर हिरवे कपडे घालून जाऊ नये, नाहीतर ती ओढून नेते, असा समज तिथे आजही आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका चित्रपटाने या राणीला अमेरिकेच्या यंत्रमानवपटाशी जोडले आणि हातात बंदूक दिली. चित्रपट म्हणून तो कच्चा आहे आणि स्त्रीदेहाकडे तो ज्या नजरेने पाहतो ती मला मान्य नाही. तरीही जकार्तातल्या कुणाला तरी हॉलिवूडचा न मरणारा यंत्रमानव पाहून आपल्या समुद्रातली न मरणारी राणी आठवली, या गोष्टीकडे मला दुर्लक्ष करता येत नाही.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण परकीय प्रभावाची भीती निराधार आहे असे माझे म्हणणे नाही. १९९० च्या सुमारास वर्षाला शंभराच्या आसपास चित्रपट काढणारा हा देश त्या दशकाच्या अखेरीस वर्षाला मोजकेच चित्रपट काढू लागला. त्यामागे खासगी दूरचित्रवाहिन्या होत्या, आणि चित्रपटगृहांची मोठी साखळी राजवटीच्या निकटवर्तीयांच्या हाती होती, आणि अमेरिकेने व्यापारी सवलतींचा धाक दाखवून आपल्या चित्रपटांसाठी दार अधिक उघडायला लावले होते. तिथे चित्रपट मेला तो हॉलिवूडचे चित्रपट पाहून नव्हे. त्याला स्वतःच्या गावात पडदा मिळेना म्हणून. प्रभाव आणि मक्तेदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या पुस्तिका दुसरीचा राग पहिलीवर काढतात. पडदा परत मिळू लागताच माणसे परत आली : १९९८ च्या आसपास मीरा लेस्माना, रिरी रिझा आणि त्यांचे सोबती चित्रपट काढू लागले, ते सगळे परदेशी चित्रपट पाहून मोठे झालेले होते. २००९ च्या चित्रपट कायद्याने गृहांना ६० टक्के वेळ देशी चित्रपटांना देण्याचे बंधन घातले. ते प्रत्यक्षात किती पाळले जाते, यावर तिथे सतत वाद चालू असतो. आणि २०१६ मध्ये सरकारने निर्मिती, वितरण आणि प्रदर्शन ही तिन्ही क्षेत्रे परकीय भांडवलाला खुली केली.

त्या दारातून सर्वांत ठळकपणे आले ते कोरियन भांडवल, आणि त्याच्याबरोबर कोरियन कथाही आल्या. माझ्या मनात खरी शंका इथे आहे, कारण जेव्हा पैसा, गृहांची साखळी आणि कथेचे हक्क एकाच देशाकडून येतात, तेव्हा स्थानिक लेखकाच्या हातात काय उरते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण त्याचे उत्तर चित्रपट पाहून द्यावे. २०१७ च्या ‘स्वीट २०’ मध्ये एक म्हातारी एका छायाचित्रकाराच्या दुकानात शिरते आणि विशीतली तरुणी होऊन बाहेर पडते. मूळ कोरियन चित्रपटात ती आपले नवे नाव ऑड्री हेपबर्नवरून घेते. इंडोनेशियन चित्रपटात ती घेते मीके विजाया हे नाव. मीके विजाया म्हणजे ‘तिगा दारा’मधल्या एका बहिणीची भूमिका केलेली नटी. म्हणजे उस्मार इस्माइल यांनी हॉलिवूडच्या वळणावर काढलेल्या चित्रपटातली नटी साठ वर्षांनी एका कोरियन कथेत आजीच्या तारुण्याचे स्वप्न होऊन परत आली, आणि सभागृहातल्या आज्यांना ते नाव ऐकताच कळले. एका परक्या साच्याचा दुसऱ्या परक्या साच्यात पडलेला हा पडसाद पूर्णपणे इंडोनेशियाचा आहे. सगळीच रूपांतरे इतकी विचारपूर्वक होतात असे नाही. काही अगदी निर्जीव आहेत, आणि ती निवडू नका असे मी स्वतःहून सांगेन.

महानायकांच्या चित्रपटांबद्दल थोडक्यात. ‘गुंडाला’ हा हास्मी यांच्या १९६९ सालच्या चित्रकथेतला नायक अमेरिकी नमुन्यावर बेतलेला असला तरी त्याचे नाव वीज हाताने पकडणाऱ्या कि आगेंग सेलो या जावानी पुरुषाच्या दंतकथेशी जोडलेले आहे, आणि जोको अन्वर यांच्या २०१९ च्या चित्रपटाची सुरुवात कारखान्याच्या दारातल्या कामगारांच्या आंदोलनाने होते. ‘द रेड’ या मारधाडपटाचा दिग्दर्शक वेल्सचा होता, लढण्याची विद्या मात्र सिलात ही तिथलीच; त्यात लढलेल्या कलाकारांना पुढे हॉलिवूडने बोलावून नेले.

आणि ज्यांना आपण अस्सल म्हणता, ते चित्रपट पाहा. मौली सूर्या यांच्या ‘मारलिना’मध्ये सुंबा बेटावरची विधवा, घराच्या कोपऱ्यात बसवलेले नवऱ्याचे गुंडाळलेले शव आणि तिच्या हातातले तोडलेले मुंडके हे सगळे काउबॉयपटाच्या उघड्या माळावर आणि त्याच्या संगीतावर उभे आहे. गारिन नुग्रोहो यांचा ‘ओपेरा जावा’ सीताहरणाची कथा घेतो, पण त्यातला नवरा आपल्या पत्नीला ठार मारतो. रामायण तिथे आपल्याकडून गेले, हे म्हणायला आपल्याला आवडते. पण जावाच्या चामड्याच्या बाहुल्यांच्या छायाखेळात सेमार हा विदूषक-सेवक आणि त्याची मुले राजांना खडे बोल सुनावतात, आणि या पात्रांचा आपल्या रामायण-महाभारतात मागमूस नाही. हजार वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या कथेचे जे केले, तेच ते आज हॉलिवूडच्या आणि कोरियाच्या कथांचे करत आहेत. पहिल्याला परंपरा आणि दुसऱ्याला अनुकरण म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला, हे मला कळत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. येत्या वर्षात एखाद्या महोत्सवाने इंडोनेशियाचा एक विभाग ठेवावा आणि त्यात युरोपातून शिक्का मिळालेल्या चित्रपटांबरोबर तिथल्या तिकीटबारीवरचे चित्रपटही ठेवावेत. ‘तिगा दारा’ची डिजिटल पद्धतीने पूर्ववत केलेली प्रत २०१६ पासून उपलब्ध आहे, आणि उस्मार यांच्याच ‘लेवात जाम मालाम’ची तशीच प्रत २०१२ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली होती. १९७५ साली मिस्बाख युसा बिरान आणि अस्रुल सानी यांनी उभारलेले जकार्तातले सिनेमातेक इंडोनेशिया हे संग्रहालय आहे; रोमा इरामाच्या चित्रपटांसाठी तिथे आणि मूळ निर्मात्यांकडे पत्र लिहावे, आणि मुंबईत इंडोनेशियाचा वाणिज्य दूतावास आहे, त्याची मदत घ्यावी. १९८० आणि २०१७ चे दोन भयपट एकाच दिवशी, मध्ये अर्ध्या तासाची सुटी ठेवून दाखवावेत. पुस्तिकेत प्रत्येक चित्रपटाखाली तो कशाच्या प्रभावाखाली आहे हे लिहायचेच असेल तर जरूर लिहावे. मात्र मुंबईचा प्रभाव असेल तिथे मुंबई असे स्पष्ट लिहावे, आणि त्या प्रभावाचे पुढे तिथे काय झाले यासाठी आणखी दोन ओळींची जागा ठेवावी. १९५७ च्या त्या बंदबद्दलही एक परिच्छेद असावा.

‘तिगा दारा’ आणि ‘स्वीट २०’ यांच्या सबटायटलांचे मराठी भाषांतर मी कोणतेही मानधन न घेता करून देईन. महोत्सवाची तारीख ठरली की किमान दोन महिने आधी कळवावे, कारण गाण्यांच्या ओळींना वेळ लागेल.

आपला नम्र,
फिल्म सोसायटी चळवळीतला एक जुना सभासद